उत्तरेकडचे तलाव: पाणवनस्पतींच्या जाती कमी होतायत की नुसत्याच बदलतायत?

वेताळटेकडी
मिनेसोटात बऱ्याच तलावांना काठावरच्या रहिवाशांची संघटना असते. आपल्या सोसायटीच्या सभेसारखीच भांडणं, फक्त पार्किंगऐवजी बोटींच्या धक्क्यावरून. आमच्या संघटनेच्या यंदाच्या सभेत विषय होता युरेशियन वॉटरमिलफॉइलचा. या परदेशी तणाने आमचा उथळ भाग भरून टाकलाय आणि अख्ख्या तलावात तणनाशक टाकायचा प्रस्ताव आहे.

तिथे पाहणीचा अहवाल वाचून दाखवला. वीसेक वर्षांपूर्वी पाणवनस्पतींच्या जितक्या जाती होत्या, जवळपास तितक्याच आजही आहेत. एक गट म्हणाला, म्हणजे तलाव ठणठणीत आहे, काही करू नका. दुसरा म्हणाला, जाती टिकल्यात तोवरच फवारून घ्या. मागे बसलेल्या एक आजी उठल्या आणि म्हणाल्या, माझ्या लहानपणी या खाडीत जे उगवायचं त्यातलं मला आता काहीच दिसत नाही, तुमचा आकडा काहीही म्हणो. त्यांचा रोख, मासेमार ज्याला 'कॅबेज' म्हणतात त्या रुंद पानांच्या पॉन्डवीडवर होता.

जातींची संख्या तीच असताना आजींचं म्हणणं खरं असू शकतं का? आणि उत्तरेकडच्या तलावांत हे सगळीकडेच चाललंय का? स्वीडन, फिनलंड, विस्कॉन्सिनवाले इथे आहेत म्हणून विचारते. मी वनस्पतीशास्त्रवाली नाही, सोप्या भाषेत सांगा.

खवचट_काका
पुण्यात नदी जलपर्णीने हिरवीगार होते तेव्हा एकच जात असते. तिकडे जाती मोजून भांडतात. नशीब एकेकाचं.

तळ्यात_मळ्यात
आजींचं म्हणणं अगदी खरं असू शकतं. एक जात गेली, एक आली, बेरीज तीच. उत्तरेत नेमकं हेच झालंय, फक्त कोण गेलं आणि कोण आलं यात मेख आहे.

मी स्वीडनमध्ये असतो, म्हणून इथलं सांगतो. इथल्या मऊ पाण्याच्या, पोषकद्रव्यं अगदी कमी असलेल्या तलावांच्या तळाशी छोट्या, ताठ पानांच्या गुच्छासारख्या वनस्पती असतात: लोबेलिया डॉर्टमाना, आयसोइटिस, लिटोरेला. पाण्यात कार्बन डायऑक्साइड फार थोडा असतो, म्हणून या तो मुळांवाटे तळाच्या गाळातून घेतात. वाढ अत्यंत मंद. पाणी नितळ आणि 'उपाशी' असेल तरच त्यांचं जमतं. शेतीचं खत, सांडपाणी आलं की उंच वाढणाऱ्या जाती वर येतात, त्यांच्या पानांवर शेवाळ चढतं, आणि तळाच्या या मंडळींना ऊनच मिळत नाही. गंमत अशी की खताच्या सुरुवातीच्या काळात जातींची संख्या चक्क वाढू शकते! मध्यम पोषणाच्या तलावात जाती जास्त असतात. म्हणजे नुसता आकडा पाहिला तर तलाव सुधारला असं वाटेल, आणि तेव्हाच त्याची जुनी ओळख पुसली जात असते.

दुसरा घाव आम्लाचा. गेल्या शतकात कोळसा आणि तेलाच्या धुरातलं गंधक पावसातून इथे पडलं. दक्षिण नॉर्वे आणि स्वीडनचे कितीतरी तलाव आम्लधर्मी झाले, काहींत तळावर स्फॅग्नम मॉस पसरलं. स्वीडनने १९७० च्या दशकापासून तलावांत चुना टाकायला सुरुवात केली, अजून टाकतात. आता गंधक खूप कमी झालंय, पण नवीनच प्रकार: पाणी तपकिरी होतंय. गंधक घटल्यामुळे जंगलातल्या मातीतून कुजलेलं सेंद्रिय द्रव्य जास्त सुटतं, शिवाय पाऊस वाढला, स्प्रूसची लागवड वाढली. चहासारख्या पाण्यात ऊन खोल जात नाही. तळाच्या वनस्पतींचं नुकसान, कमळासारख्या तरंगत्या पानवाल्यांचं काही बिघडत नाही.

रानभाजी
तळ्यात_मळ्यात, उत्तम प्रतिसाद. अवांतर: तुमच्या लोबेलियाची चुलत बहीण आपल्या घाटात आहे, ती उंच धवल. पाण्यात नाही, डोंगरउतारावर. आणि आयसोइटिस तर आपल्या सड्यांवरच्या पावसाळी डबक्यांत सापडतं. सह्याद्री आणि पाचगणी यांची नावं लावणाऱ्या जाती आहेत त्याच्या. तुमचं वर्षभर थंड पाण्यात, आमचं चार महिन्यांच्या पाण्यात.

मासेवाला_भाऊ
हे सगळं वाचायला छान आहे. पण मी दर वीकेंडला बोट घेऊन जातो. मिलफॉइलची चटई पृष्ठभागावर आली की पंख्यात अडकते, गळ टाकता येत नाही, पोरांना पोहता येत नाही. जाती किती हा प्रश्न नंतरचा. आधी फवारा. आमच्या ओळखीच्या तलावात फवारलं आणि दोन उन्हाळे मस्त गेले.

वाचक_नंबर_एक
वाचतेय.

मेंडोटाची_मनी
मासेवाला_भाऊ, तिसऱ्या उन्हाळ्याचं पण सांगा की.

मॅडिसनमधून लिहिते. विस्कॉन्सिनमध्ये तलावांच्या जुन्या नोंदींची चैन आहे. बर्ज आणि जुडे या जोडीने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे तलावविज्ञानाचा पाया घातला. रिकेट यांनी मेंडोटा तलावातल्या मोठ्या पाणवनस्पती वजनासकट मोजून १९२२ मध्ये निबंध छापला, आणि फॅसेट यांची पाणवनस्पती ओळखण्याची पुस्तिका १९४० ची. मेंडोटात तेव्हा व्हॅलिसनेरियाचं राज्य होतं, रिबिनीसारखी लांब पानं असलेली. तिचे कंद कॅनव्हासबॅक बदकांना इतके आवडतात की बदकाचं शास्त्रीय नावच तिच्यावरून पडलंय. १९६० च्या दशकात मिलफॉइल आलं आणि पुढची काही वर्षं तेच तेच.

पण शेजारच्या विंग्रा तलावात १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात मिलफॉइल आपणहून ओसरलं. मोठी मोहीम वगैरे काही नाही. कारणांवर अजून वाद आहेत. एक संशयित म्हणजे इथलाच एक छोटा भुंगा. तो मुळात उत्तर अमेरिकेच्या स्वतःच्या मिलफॉइलवर जगायचा, परदेशी आलं तसं त्याची खोडंही पोखरायला लागला.

आणि फवारणीबद्दल: विस्कॉन्सिनच्या बऱ्याच तलावांची तुलना करून २०२० मध्ये एक शोधनिबंध आला. निष्कर्ष असा की मिलफॉइलमुळे स्थानिक जातींचं जेवढं नुकसान होतं, त्याहून जास्त अख्ख्या तलावात टाकलेल्या तणनाशकाने होतं. वेताळटेकडी, तुमच्या सभेत हे जरूर सांगा.

मासेवाला_भाऊ
शोधनिबंध पोहायला जात नाहीत ताई.

मेंडोटाची_मनी
नाही, पण मासे स्थानिक वनस्पतींत वाढतात भाऊ. तुमचा पाइक कुठे दबा धरून बसतो? कॅबेजमध्येच ना?

मासेवाला_भाऊ
ते एक बरोबर बोललात. कॅबेजचा पट्टा सापडला की त्या दिवशी घरी तळलेले मासे. पण असे पट्टे आता शोधावे लागतात, हेही खरं.

वेताळटेकडी
म्हणजे भाऊ, तुम्ही आणि आजी एकाच बाजूला!

खवचट_काका
आजींना बोटीवर घ्या.

हेलसिंकीकर
इथला किस्सा उलटा आहे. मिलफॉइल हे आमचं घरचं. युरोपात ते कुठल्याही साध्या तळ्यात आढळतं, कुणी त्याच्या नावाने सभा भरवत नाही. आमच्याकडे डोकेदुखी कुठली, तर अमेरिकेची एलोडिया कॅनाडेन्सिस! १८३६ मध्ये ती आयर्लंडमध्ये दिसली, मग ब्रिटन, मग सगळा युरोप, आणि १८८० च्या दशकात फिनलंडमध्ये पोचली. कालवे, तळी गच्च भरली. आता पार उत्तरेकडे कुसामोपर्यंत तलाव भरून टाकते. मिनेसोटात तीच एलोडिया निमूट एका कोपऱ्यात असेल.

वेताळटेकडी
आहे! आमच्या अहवालात ती 'स्थानिक' रकान्यात आहे. कुणीही तिच्याबद्दल एक शब्द बोललं नाही.

तळ्यात_मळ्यात
अजून एक भर. युरोपात एलोडिया कॅनाडेन्सिस जवळजवळ सगळी मादीच आहे. बी नाही, नुसत्या तुकड्यांवर पसरली. आणि युरोपातून अमेरिकेत गेलेलं स्टारी स्टोनवर्ट (वनस्पती म्हणा, खरं तर कारा गटातलं शेवाळ) तिकडे फक्त नर आहे. तेही तुकडे आणि ताऱ्याच्या आकाराच्या पांढऱ्या गाठींवर पसरतं.

खवचट_काका
तिकडून बाया गेल्या, इकडून बाप्ये आले, आणि दोघांची भेट काही झाली नाही. यावर नाटक येऊ शकतं. दोन अंक, मध्ये अटलांटिक.

अतिशहाणी
काका, नाटकाचं पहिलं तिकीट माझं.

वेताळटेकडी
स्टारी स्टोनवर्टचं मिनेसोटात पहिल्यांदा निदान झालं २०१५ मध्ये, कोरोनिस तलावात. तेव्हापासून बोट काढताना चिखल-पाणी-तुकडे सगळं साफ करायचे नियम अजून कडक झाले. युरोपात त्याचं काय?

तळ्यात_मळ्यात
ब्रिटनमध्ये ते दुर्मीळ आणि संरक्षणाच्या यादीत. तुमच्याकडे दिसलं की हाकलायची धावपळ, तिकडे दिसलं की निसर्गप्रेमी खूश. म्हणून 'विविधता वाढली' म्हणणाऱ्याला मी आधी विचारतो, कुठली जात आणि कुठल्या काठावर?

डुलुथची_थंडी
एका वनस्पतीचा उल्लेख अजून कुणी केला नाही म्हणून लिहितो: वाइल्ड राइस. ओजिब्वे लोक तिला मनूमिन म्हणतात. त्यांच्या परंपरेत पूर्वेकडून स्थलांतर करताना भविष्यवाणी होती, जिथे पाण्यावर अन्न उगवतं तिथे थांबा. सप्टेंबरच्या सुमारास दोघं होडीत बसतात, एक बांबूसारख्या लांब काठीने होडी ढकलतो आणि दुसरा दोन हलक्या दांडक्यांनी लोंब्या वाकवून दाणे होडीत पाडतो. काही दाणे पाण्यात पडतात, तेच पुढच्या वर्षीचं बियाणं.

ही दरवर्षी बियांपासून उगवते. जूनच्या सुमारास पानं पाण्यावर आडवी तरंगत असताना पातळी अचानक वाढली की रोप उपटून निघतं. धरणं, बंधारे, ढगफुटीचे पाऊस या सगळ्यांनी तिचे कितीतरी तलाव गेले. शिवाय सल्फेट. लोखंडाच्या खाणींच्या पाण्यातून सल्फेट आलं की गाळात त्याचं सल्फाइड होतं आणि मुळं मरतात. मिनेसोटाने १९७३ मध्येच वाइल्ड राइसच्या पाण्यासाठी लिटरमागे १० मिलिग्रॅम सल्फेटची मर्यादा घातली. कागदावर. अंमलबजावणीवरून पुढे कित्येक वर्षं भांडण.

जातींच्या यादीत मनूमिन म्हणजे फक्त एक ओळ. ती गेली तर बेरीज एकाने कमी होईल. इथल्या लोकांचं काय कमी होईल ते त्या तक्त्यात मावत नाही.

सौ_कोल्हापूर
लई भारी लिहिलंय. एक शंका, हा तांदूळ ऋषिपंचमीला चालंल काय? बैलाच्या कष्टाचं नाही म्हणजे चालायला पायजे.

रानभाजी
चालायला हरकत नसावी! आपल्याकडे त्या दिवसासाठी तळ्याकाठचं देवभात गोळा करतातच की. मात्र मनूमिन झिझेनिया वंशातलं, आपलं देवभात ओरायझा, म्हणजे खऱ्या भाताचं जंगली भावंड.

ॲक्वेरियमवेडा
उपवासाचा विषय निघालाच आहे तर, शिंगाडा! अमेरिकेच्या ईशान्य भागात शिंगाड्याचा युरेशियन भाऊबंद घुसखोर आहे. लेक शॅम्प्लेनमध्ये १९४० च्या दशकापासून आहे, स्वयंसेवक होडीतून हाताने उपटतात.

सौ_कोल्हापूर
आणि फेकून देतात व्हय? पीठ करायचं की!

तळ्यात_मळ्यात
पीठ राहू द्या, पण हे ऐका. तोच शिंगाडा स्वीडनमध्ये नामशेष आहे. स्कोनेमधल्या इमेल्न तलावात शेवटचा उरला होता, तोही गेल्या शतकाच्या सुरुवातीला संपला. आणि हिमयुगानंतरच्या उबदार काळात तो इथे खूप उत्तरेपर्यंत होता. स्वीडन-फिनलंडच्या तलावांच्या गाळात त्याची काटेरी फळं अजून सापडतात. त्यामुळे 'मूळची वनस्पती कुठली' म्हटलं की कोणत्या सालची मूळची, हे आधी ठरवावं लागतं. दहा वर्षांची पाहणी, शंभर वर्षांच्या नोंदी, दहा हजार वर्षांचा गाळ, तिन्हींची उत्तरं वेगळी.

ॲक्वेरियमवेडा
माझा मूळ मुद्दा राहिला. आपण मत्स्यपेटीवाले यात धुतल्या तांदळाचे नाही. हायड्रिला आपल्याकडे ओढ्या-तळ्यात सहज दिसते. ती १९५० च्या दशकात मत्स्यपेट्यांच्या व्यापारातून फ्लोरिडात गेली, तिथल्या एका वाणाचा डीएनए दक्षिण भारतातल्याशी जुळतो. आता कनेक्टिकट नदीत एक वेगळाच वाण माजलाय. पेटी साफ केल्यावर काडी कचऱ्यात टाका, तलावात नाही. मी नव्या पोरांना हे पहिल्याच दिवशी सांगतो.

मेंडोटाची_मनी
+१.

आता बर्फाचं राहिलं. मेंडोटा गोठल्या-वितळल्याच्या नोंदी १८५० च्या दशकापासून आहेत, आणि बर्फाचा मुक्काम साधारण महिनाभराने घटलाय. याचा पाणवनस्पतींशी संबंध असा: कर्लीलीफ पॉन्डवीड नावाचं दुसरं परदेशी तण उलट्या ऋतूत जगतं. शरद ऋतूत उगवतं, बर्फाखाली हिरवं राहतं, वसंतात सगळ्यांच्या आधी उंच होतं आणि जूनच्या शेवटी मरतं. मेल्यावर कुजून फॉस्फरस सुटतो आणि ऐन उन्हाळ्यात तलावाचा मटारसूप होतो. बर्फावर हिमाचा जाड थर असेल तर खाली अंधार, आणि पुढच्या वसंतात हे तण कमी. हिम कमी पडलं की त्याचं फावतं.

नवखा_सभासद
इतकं सगळं बिघडलंय तर सुधारल्याचं एखादं उदाहरण आहे का? की नुसतं रडगाणं?

हेलसिंकीकर
आहे. डेन्मार्कमध्ये कोपनहेगनच्या उत्तरेला फुरेसो. तिथल्या नोंदी १९११ पासूनच्या. नितळ, खोल, जातींनी समृद्ध तलाव होता. कारा गटातली शेवाळं आणि पाणमॉस बऱ्याच खोलीपर्यंत. मग आजूबाजूच्या गावांचं सांडपाणी शिरलं, पाणी गढूळ झालं, खोलातल्या वनस्पती आधी गेल्या, पाठोपाठ काठावरच्याही कमी झाल्या. पुढे सांडपाण्यावर नीट प्रक्रिया सुरू झाली तसं पाणी हळूहळू निवळलं आणि कितीतरी जाती परतल्या. सगळ्या नाही. गाळात साठलेला जुना फॉस्फरस दशकानुदशकं सुटत राहतो. पण दिशा सुधारण्याचीच.

तळ्यात_मळ्यात
उथळ तलावांत तर हे झटक्यात होतं, दोन्हीकडे. आमच्याकडचा ताकेर्न पक्ष्यांसाठी प्रसिद्ध. तो तळ कारांनी मढलेला असताना काचेसारखा असतो, वनस्पती गेल्या की गढूळ. वनस्पती गाळ धरून ठेवतात, पाणी निवळतं, त्यामुळे अजून वनस्पती. एकदा चक्र उलटं फिरलं की फॉस्फरस थोडासा कमी करून भागत नाही. डच शास्त्रज्ञ शेफर यांनी १९९० च्या दशकात हे नीट मांडलं. सरसकट फवारणीची मला धास्ती वाटते ती यामुळे. तुमचा उथळ तलाव एका उन्हाळ्यासाठी जरी उघडाबोडका झाला, तरी मिलफॉइलच्या जागी कॅबेज येण्याऐवजी हिरवं पाणी येऊ शकतं.

मासेवाला_भाऊ
हे मात्र कुणी सभेत सांगत नाही. गढूळ पाण्यात मला मासा दिसणार कसा? बरं, मग करायचं काय? हातावर हात?

मेंडोटाची_मनी
धक्क्यापाशी आणि बोटींच्या वाटेपुरतं हाताने काढायचं किंवा तेवढ्याच पट्ट्यात उपाय करायचा, परवानगी घेऊन. आणि काठावर हिरवळ-खत बंद, स्थानिक झुडपं लावायची. मिलफॉइलचा संकर झालाय का तेही तपासा. परदेशी आणि स्थानिक मिलफॉइलचा संकर बऱ्याच तलावांत आहे आणि काही संकर नेहमीच्या २,४-डी तणनाशकाला दाद देत नाहीत. पैसे पाण्यात, शब्दशः.

वेताळटेकडी, तुमच्या मूळ प्रश्नाकडे. अहवालातला जातींचा आकडा सोडा. पाहणीवाले तलावावर ठरावीक अंतराने बिंदू आखतात, प्रत्येक बिंदूवर दुतोंडी दाताळं टाकून काय वर येतं ते लिहितात. त्यामुळे प्रत्येक जात किती टक्के बिंदूंवर मिळाली हे त्यांच्याकडे असतंच. तो तक्ता मागा, जुना आणि नवा. शिवाय बऱ्याच राज्यांत प्रत्येक जातीला ० ते १० गुण दिलेले असतात: कुठल्याही घाणीत तगणारीला कमी, नितळ अस्पर्श पाण्यातच जगणारीला जास्त. सरासरी गुण घसरलेत का पाहा. आणि किती खोलीपर्यंत वनस्पती सापडतात तेही.

वेताळटेकडी
तक्ता मागवला, आला. जातींची संख्या खरंच जवळपास तीच. पण आजींचं कॅबेज पूर्वी जवळपास निम्म्या बिंदूंवर मिळायचं, आता बोटांवर मोजण्याइतक्या. दोन बारीक पानांचे पॉन्डवीड गायब. त्यांच्या जागी यादीत आलेत कर्लीलीफ, मिलफॉइल आणि गढुळातही तगणारी कूनटेल. सरासरी गुण घसरलेत. वनस्पती दिसण्याची खोलीही कमी झालीय, म्हणजे पाणीच आधी बिघडलंय असं मला वाटतं. बरोबर वाचतेय ना?

तळ्यात_मळ्यात
अगदी बरोबर. खोली घटली म्हणजे ऊन खाली पोचत नाही. मिलफॉइल हे त्या तलावाचं दुखणं कमी आणि लक्षण जास्त. फवारणीच्या पैशात आधी फॉस्फरस कुठून येतोय ते शोधा: शेतांचे चर, जुन्या सेप्टिक टाक्या, की गाळ.

मासेवाला_भाऊ
मी अंशतः असहमत. लक्षण असलं तरी पंख्यात तेच अडकतं. पण अख्ख्या तलावात फवारा हे मी मागे घेतो. बोटीची वाट मोकळी ठेवा, माझं मत तुमच्या बाजूने.

वेताळटेकडी
ठरलं तर. पुढच्या सभेत तक्ता मांडते. सेप्टिक टाक्यांचा विषय काढला की अर्धे लोक उठून जातील, कारण अर्ध्यांच्या टाक्या जुन्या आहेत. आमचीही. पुढची पाहणी जुलैमध्ये आहे, दाताळं ओढायला स्वयंसेवक हवेत.

खवचट_काका
जुलैमध्ये मुलाकडे मिनियापोलिसला येतोय. दाताळं ओढतो, पण दुपारचं जेवण तुमच्याकडे. मासे भाऊ आणतील.

मासेवाला_भाऊ
आणतो. आजींना पण बोलवा, कॅबेजचा पट्टा कुठे होता ते त्यांनाच माहीत.